अमळनेरचा डबा आणि आपल्या रक्तवाहिन्या

(पोस्ट मोठी आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा. शेवभाजी खाल्ली असेल तर जरूर वाचा.)

मित्रांनो, अमळनेरचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास निघतात. एक साने गुरुजी आणि दुसरी विप्रोचे शेअर. कोणाच्या आजोबांनी शंभर शेअर घेतले, कोणी ते लग्नात विकले, कोणी पेटीत ठेवून विसरले आणि मग नातू कोट्यधीश झाले, या गोष्टी आपल्याकडे पारावर रोज ऐकायला मिळतात. पण ते शेअर ज्या मालावर उभे राहिले, त्या मालाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तो माल होता वनस्पती तूप. आपल्या भाषेत डालडा.

आज मला त्या डब्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्या जोडीला एका आजाराबद्दल. डॉक्टर त्याला 'अथेरोस्क्लेरोसिस' म्हणतात. मराठीत धमनीकाठिण्य. साध्या भाषेत, रक्तवाहिन्या आतून जाड, कडक आणि अरुंद होणं. 'ब्लॉकेज निघालं' असं आपण म्हणतो ते हेच. बातमीदारी करताना गेल्या वीसेक वर्षांत मी श्रद्धांजलीच्या बातम्या भरपूर लिहिल्या. त्यात 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' हे तीन शब्द इतक्या वेळा लिहिलेत की बोटं आपोआप टाईप करतात. वय मात्र कमी कमी होत गेलं. म्हणून हा इतिहास उकरावासा वाटला.

कारखाना अमळनेरलाच का आला?

29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचा होता. कारखाना टाकला अमळनेरला. कारण सरळ होतं. पूर्व आणि पश्चिम खान्देश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार, हा कापसाबरोबर भुईमुगाचाही मुलूख. सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जाते. प्रताप मिलमुळे गावाला कारखान्याची सवय होती, कामगार होते. कच्चा माल दारात, गाडी दारात. शेंगदाण्याचं तेल काढायचं, त्याचं वनस्पती तूप करायचं आणि देशभर पाठवायचं. 'सनफ्लॉवर' नावाचं वनस्पती आणि '787' नावाचा कपडे धुण्याचा साबण ही त्या कंपनीची सुरुवातीची ओळख.

1966 साली महंमद हाशम प्रेमजी अचानक वारले. 21 वर्षांचा अझीम अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट ठेवून परत आला आणि धंदा हातात घेतला. पुढे 'वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स'चं 'विप्रो' झालं, संगणक आले, बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

हे एकट्या अमळनेरचं नव्हतं. 1930 च्या दशकात हिंदुस्तान लिव्हरच्या पूर्वज कंपनीने मुंबईत शिवडीला वनस्पतीचा कारखाना काढला आणि 1937 पासून 'डालडा' बाजारात आणला. पिवळा डबा, त्यावर नारळाचं झाड. आपल्या आज्यांनी रिकाम्या डब्यात तुळस लावली, गव्हाचं पीठ ठेवलं, कोणी पाणी काढायला वापरला. सणाला पुरणाचे मांडे करायचे आणि साजूक तूप परवडत नाही, अशा घरात या डब्याने अब्रू राखली. हेही विसरून चालणार नाही. गरिबाच्या ताटात 'तूप' पहिल्यांदा या डब्याने आणलं.

तेल कडक कसं करतात?

शेंगदाण्याचं तेल पातळ असतं. ते तुपासारखं गोठावं, लवकर खवट होऊ नये, म्हणून त्यात निकेल धातूची पूड घालून, तापवून, दाबाखाली हायड्रोजन वायू सोडतात. तेलाच्या रेणूत जिथे जोड अर्धवट असतात तिथे हायड्रोजन जाऊन बसतो आणि तेल घट्ट होतं. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1902 च्या सुमारास याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत 1911 साली 'क्रिस्को' नावाने असं पहिलं मोठं उत्पादन आलं.

गोम इथेच आहे. हायड्रोजन पूर्ण भरला नाही, म्हणजे तूप लोण्यासारखं मऊ ठेवायचं म्हणून क्रिया मध्येच थांबवली, तर काही रेणू वाकडे असतात ते सरळ होतात. या सरळ झालेल्या चरबीला म्हणतात 'ट्रान्स फॅट'. आपल्या शरीराला तिची सवय नाही. निसर्गात ती फार थोडी असते, दुधा-मांसात अगदी किरकोळ. डब्यात मात्र ती भरभरून होती.

शब्दांचा योगायोग बघा. तेल 'कडक' करायची युक्ती शोधली आणि पुढे कळलं की तीच चरबी रक्तवाहिन्या 'कडक' करायला हातभार लावते.

हे कळायला इतकी वर्षं का लागली?

कारण आजार मुळात हळू चालतो. आपण शाळेत 'रोहिणी' आणि 'नीला' शिकलो. रोहिणी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी. तिच्या आतल्या अस्तराला बिडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर यांनी इजा होते. तिथे कोलेस्टेरॉल शिरतं, पांढऱ्या पेशी ते साफ करायला येतात आणि तिथेच अडकतात. वर्षानुवर्षं थर जमतो, त्यात चुना बसतो. विशी-तिशीत सुरू होतं आणि पन्नाशीत कळतं. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते, वाहिनी बंद. छातीत झाला तर झटका, मेंदूत झाला तर लकवा, पायात झाला तर चालताना पोटऱ्या धरतात.

1913 साली रशियातल्या निकोलाय अनिचकोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत असे थर तयार करून दाखवले. 1948 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावात हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखंच ते गाव. तिथून जगाला कळलं की रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट हे या आजाराचे तीन मोठे दरवाजे आहेत. तोवर झटका म्हणजे नशीब किंवा वय, असंच समजायचे.

आपल्याकडे वनस्पतीवर वाद झाला नाही असं नाही. उलट खूप झाला. गांधीजींनी 1946 साली 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालावी म्हणून संसदेत विधेयक आणलं. बंदी आली नाही. पण त्या सगळ्या भांडणाचा मुख्य मुद्दा काय होता? साजूक तुपात भेसळ होते! म्हणून सरकारने नियम केला की वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायचंच. तिळाच्या तेलाला रसायन लावलं की गुलाबी-लाल रंग येतो, त्यामुळे तुपातली भेसळ पकडता येते. नियम हुशारीचा होता. पण तो तुपाचं रक्षण करत होता, खाणाऱ्याच्या हृदयाचं नाही.

भुसावळवाल्यांसाठी एक रेल्वेची गोष्ट

1967 साली पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आढळलं असं की दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण उत्तरेतल्यांच्या जवळपास सातपट होतं. आणि चरबी जास्त कोण खात होतं? उत्तरेतले! दूध, तूप, लस्सी.

या अभ्यासाचा आधार घेऊन आजही कोणीतरी व्हॉट्सॲपवर लिहितं, 'तूप खा, काही होत नाही'. जरा थांबा. अभ्यास नोंदींवर होता. वय, निदान, काम, तंबाखू यांचा हिशेब त्या काळात आजच्यासारखा लावत नसत. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की समजली: फक्त 'किती चरबी खाल्ली' एवढ्यावर हा आजार ठरत नाही. कोणती चरबी, किती कष्ट, किती तंबाखू, किती रक्तदाब, हे सगळं मिळून ठरतं. एकाच खलनायकाच्या शोधात राहिलं की बाकीचे चार मागच्या दाराने आत येतात.

डब्याचा निकाल

1990 साली नेदरलँडच्या मेन्सिंक आणि कॅटन या दोघांनी माणसांवर नीट प्रयोग करून दाखवलं की ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवते आणि चांगलं (एचडीएल) कमी करते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. 2003 साली डेन्मार्कने जगात पहिल्यांदा 2 टक्क्यांची मर्यादा घातली. 2009 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने आपल्या बाजारातली वनस्पती तपासली, तर डेन्मार्कच्या मर्यादेच्या 5 ते 12 पट ट्रान्स फॅट निघाली.

मग आपल्याकडे मर्यादा आली. आधी 10 टक्के, नंतर 5 टक्के, 1 जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के. म्हणजे शिवडीच्या कारखान्यापासून मोजलं तर जवळपास 85 वर्षांनी!

इथे मी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण होईल. अमळनेरच्या कारखान्याने लोकांना आजारी पाडलं, असं मी म्हणत नाही. 1945 मध्ये ट्रान्स फॅटचा धोका जगात कोणालाच माहीत नव्हता. देशभर अनेक कारखाने हाच माल कायदेशीरपणे, सरकारच्या नियमाने करत होते. त्या कारखान्याने आपल्या भुईमुगाला भाव दिला, घरं उभी केली. मुद्दा असा आहे की 1990 ला पुरावा आला आणि कायदा घट्ट व्हायला 2022 उजाडलं. ती मधली 32 वर्षं कारखान्याची नाहीत, आपल्या राज्यकारभाराची आहेत.

उपचार कुठून कुठे आले

आपल्या आजोबांच्या काळी झटका आला की उपचार म्हणजे सहा आठवडे खाटेवर पडून राहणं. उठायचं नाही, बोलायचं नाही. बाकी देवाच्या हवाली.

1967 साली अमेरिकेत रेने फावालोरो यांनी पायाची नस काढून हृदयावर जोडायची बायपास शस्त्रक्रिया रुजवली. भारतात 1975 साली डॉ. के. एम. चेरियन यांनी ती केली, मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात. पुन्हा रेल्वे! 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुंटझिग यांनी फुग्याने वाहिनी उघडली, ती पहिली अँजिओप्लास्टी. 1986 साली फ्रान्समध्ये पहिला स्टेंट बसला. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या पदार्थापासून 'स्टॅटिन' गोळ्यांचा मार्ग निघाला आणि 1994 साली 4,444 रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवलं की या गोळीने मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होतात. आज तीच गोळी जनऔषधी केंद्रात काही रुपयांत मिळते.

पण खान्देशच्या शेतकऱ्यापर्यंत हे कधी आलं? 1997 च्या जीवनदायी योजनेने दारिद्र्यरेषेखालच्यांना दार थोडं उघडलं. खरा बदल 2 जुलै 2012 ला झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात राज्यातल्या फक्त 8 जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात आपलं धुळे होतं! पिवळ्या-केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, त्यात अँजिओप्लास्टी आणि बायपाससुद्धा. जळगावला मात्र नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. तापी एकच, पण सीमेच्या अलीकडे कार्ड चालतं आणि पलीकडे चालत नाही, असे ते 16 महिने होते. 2017 ला योजनेला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं आणि 2023 साली मर्यादा 5 लाखांवर नेण्याचा निर्णय झाला.

दुसरी मोठी तारीख 13 फेब्रुवारी 2017. त्या दिवसापर्यंत औषध लावलेला स्टेंट लाखाच्या वरसुद्धा विकला जायचा. सरकारी किंमत प्राधिकरणाने तो 29,600 रुपयांवर आणला, साधा स्टेंट 7,260 रुपयांवर. मागे एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका होती. एका माणसाच्या चिकाटीने किती घरांची शेती वाचली असेल, विचार करा.

आता थोडं कडू. स्टेंट झटक्याच्या वेळी जीव वाचवतो, यात वाद नाही. पण झटका नाही, फक्त चालताना थोडं दुखतं, स्थिर आजार आहे, अशा रुग्णांवर 2007 आणि 2020 साली छापलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत आढळलं की चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. दुखणं मात्र कमी होतं. म्हणून 'आजच टाका, नाहीतर गेलात' असं कोणी म्हटलं तर घाबरून सही करू नका. विचारा: हा झटका आहे का? नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवायला वेळ आहे का? हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि काढ्याने, लसणाच्या रसाने 'ब्लॉकेज विरघळतं' असे जे मेसेज फिरतात, ते सिद्ध झालेलं नाही. काढा हौसेने घ्या, पण त्यापायी गोळी बंद करू नका. गोळ्या बंद करून मग झटका आलेल्या माणसांच्या घरी मी बसलो आहे.

मग डबा गेला, आजार का गेला नाही?

कारण डबा एकटा नव्हता. 2004 साली 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने सांगितलं की पहिल्या झटक्याचा जवळपास 90 टक्के धोका नऊच गोष्टींत आहे. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण हे वाढवणारे. फळं-भाजी आणि रोजची हालचाल हे वाचवणारे. दारूचाही हिशेब त्यात आहे. त्यातच कळलं की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, बाकी जगात 59 च्या आसपास. घरातला कर्ता माणूस, पोरीचं लग्न व्हायचं, पोरगं शिकतंय, नेमक्या त्या वयात.

आपल्याकडे बघा. भुईमूग गेला, कापूस, केळी, मका आला. 1994 नंतर पामोलिन आयात खुली झाली आणि घाण्याच्या तेलाची जागा पिशवीने घेतली. शेवभाजीची तर्री बोटभर तेलाची नसेल तर 'मजा नही उनी' म्हणतो आपण. हातगाडीवर तेच तेल सकाळपासून रात्रीपर्यंत उकळतं. गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि पोलिसांनाही. राज्यात चारातला एक प्रौढ माणूस आजही तंबाखू वापरतो, बहुतेक मळून नाहीतर चघळून. 'धूर नही ना, मग काय व्हस' हा समज खोटा आहे. तंबाखू तोंडात ठेवली तरी रक्तदाब वाढतो.

आणि गंमत म्हणजे आपल्या जुन्या जेवणात उत्तर होतंच. कळण्याची भाकरी, उडदाची दाळ, भरीत, मेथी-पालक, कच्चा कांदा, केळी. बट्टीवर तूप ओतायचे खरं, पण त्यानंतर माणूस दिवसभर वखर हाणायचा. वखर गेला, तूप राहिलं.

एवढं करा

तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतो. दुखत नाही म्हणून रक्तदाब नाही, असं नसतं.

चाळिशीनंतर साखर आणि कोलेस्टेरॉल. घरात कोणाला लवकर झटका आला असेल तर त्याआधीच.

तंबाखू बंद. कमी नाही, बंद.

तेल महिन्याला किती लागतं ते पिशव्या मोजून बघा. तळलेलं तेल परत परत वापरू नका. नानखटाई, खारी, टोस्ट घेताना पुडक्यावर ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. सुटा माल असेल तर कोणत्या तुपात केलाय ते विचारा.

रोज अर्धा तास भराभर चाला.

छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा जड, दम लागणं, असं काही झालं तर 'गॅस व्हई' म्हणून सोडा पीत बसू नका, दादा. 108 ला फोन करा, पहिला ईसीजी जवळ जिथे होईल तिथे करा. वाहिनी बंद झाल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरतो. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे. गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात मिळू शकतं का, हे निघण्याआधी विचारा.

आणि आपल्या पुढाऱ्यांसाठी

मोठ्या रुग्णालयाचं भूमिपूजन सगळ्यांना आवडतं. फोटो येतो. धुळ्याला बऱ्याच वर्षांपासून आणि जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण आठवडे बाजारात एक टेबल, एक रक्तदाबाचं मशीन आणि एक आशाताई बसवायला किती पैसे लागतात? अन्न प्रशासनाने दिवाळीआधी खव्यावर धाडी टाकतो तशी उन्हाळ्यात तळणाच्या तेलाची तपासणी का करू नये? 2 टक्क्यांचा कायदा कागदावर आहे. आपल्या गावच्या बेकरीतल्या किती नमुन्यांची तपासणी झाली, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतं. मी अर्ज टाकतोय. प्रत्येक तालुक्यातून एकाने टाकला तर पूर्ण खान्देशचं चित्र समोर येईल. नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा.

शेवटी एक विनंती. अमळनेरच्या जुन्या वनस्पती विभागात ज्यांचे वडील, आजोबा, काका कामाला होते, त्यांनी कमेंटमध्ये आठवणी लिहा. भुईमूग कुठून यायचा, भाव काय मिळायचा, तूप कसं भरायचे, सगळं. शेअरचा इतिहास भरपूर लिहिला गेला. कामगारांचा आणि डब्याचा अजून लिहायचा बाकी आहे.

#खान्देश #अमळनेर #धुळे #जळगाव #हृदयसांभाळा